वाघाचे बारसे आणि गावाची जबाबदारी

(वन्यजीव सप्ताहानिमित्त नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यापुढे नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



वन्यप्राण्यांना नावे दिल्याने पर्यटनावर आणि संरक्षणावर काय परिणाम होतो, हा विषय मी आज आपल्यापुढे मांडण्यासाठी घेतला आहे. हा विषय नांदेडात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, तर तो स्वाभाविक आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत व्याघ्र प्रकल्प नाही. नांदेडला किनवट-माहूरचा डोंगराळ पट्टा तरी आहे. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन शेकडा एकही भरत नाही. वाघ पाहण्यासाठी आपल्याकडे कोणी येत नाही. आपणच ताडोब्याला जातो.

परंतु डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात एक तरुण नर वाघ टिपला गेला. येडशी म्हणजे लातूरहून जेमतेम साठ किलोमीटर. तेथील रामलिंगाचे देवस्थान आपल्यापैकी अनेकांनी श्रावणात पाहिलेले असेल. अंगावरील पट्टे ताडून पाहता हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचे निष्पन्न झाले. टिपेश्वर आणि येडशी या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती सुमारे तीनशे किलोमीटर भरते. ती नांदेड शहराच्या जवळून जाते आणि लातूर जिल्ह्याच्या वायव्य कडेला लागून येडशीस पोचते. वाघ काही रेघेवरून चालत नाही. त्याने साडेचारशे किलोमीटरहून अधिक वाट तुडविली असावी, असा अंदाज सांगितला गेला. आपण झोपेत असताना तो आपल्या तुरीच्या आणि उसाच्या शेतांतून गेला असेल.

येडशी परिसरातील लोकांनी त्याला नाव दिले ‘रामलिंग’. या एका नावापासून मला बोलावयाचे आहे.

नाव ठेवण्याची आपली रीत

जनावरांना नाव देणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या ही नावे मराठवाड्याच्या प्रत्येक गोठ्यात ऐकू येतात. पण गोठ्यातल्या बैलाला नाव देणारा शेतकरी त्याच्या वैरणीची, पाण्याची आणि म्हातारपणाची जबाबदारी त्या नावाबरोबरच पत्करतो. पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावून तो त्या जबाबदारीची कबुलीही देतो.

रानातल्या जनावराच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वजांची रीत उलट होती. वाघाला त्यांनी एकेकटे नाव दिले नाही. ‘वाघोबा’ म्हणून साऱ्या जातीलाच मान दिला. रात्रीच्या वेळी वाघाचे किंवा सापाचे नाव तोंडाने न घेता नुसते ‘जनावर’ म्हणण्याचा प्रघात अनेक गावांतील जुन्या माणसांत अजूनही आढळतो. ताडोबा या स्थळाचे नाव घ्या. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून ते पडले, अशी तेथील आदिवासींची कथा आहे. देवपण लाभले ते माणसाला, आणि वाघ त्या कथेत निनावीच राहिला. गोठ्यातल्या जनावराला नाव होते, कारण ते आपले होते. रानातल्या जनावराला नाव नव्हते, कारण ते आपले नव्हते. ही सीमारेषा पुसट होऊ लागली ती वन्यजीव पर्यटन वाढल्यापासून.

नावामुळे काय साधते

नावामुळे पुष्कळ चांगले घडते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९६० साली जेन गुडाल या तरुण इंग्रज संशोधिकेने आफ्रिकेतील गोंबे येथे चिंपांझींचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांना क्रमांक न देता तिने नावे दिली. त्या काळच्या शास्त्रज्ञांना हे रुचले नाही. परंतु प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र स्वभाव असतो, ही गोष्ट जगाला पटली ती बऱ्याच अंशी त्या नावांमुळेच. राजस्थानातील रणथंबोरची ‘मछली’ ही वाघीण २०१६ मध्ये म्हातारपणाने मरण पावली, तेव्हा तिच्यावर विधिपूर्वक अंत्यसंस्कार करण्यात आले. तिला पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी वर्षानुवर्षे तेथे येत होते, आणि त्यांच्या येण्यावर वाटाडे, वाहनचालक आणि खानावळवाले यांची घरे चालत होती.

आपल्या राज्यातील उदाहरण पाहावयाचे तर ‘जय’ या वाघाचे पाहावे. शोले चित्रपटातील जय-वीरू या जोडीवरून नागझिऱ्यातील दोन भावंडांना ही नावे मिळाली. जय २०१३ मध्ये नागझिरा सोडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. हे अभयारण्य केवळ वर्षभरापूर्वी, २०१२ मध्ये घोषित झालेले. एका धिप्पाड वाघाच्या नावावर ते अल्पावधीत देशाच्या पर्यटन-नकाशावर आले.

नावाचा आणखी एक उपयोग आहे. ज्याला नाव आहे, तो नाहीसा झाला तर विचारणा होते. ताडोब्यातील ‘माया’ ही वाघीण ऑगस्ट २०२३ नंतर दिसेनाशी झाली, तेव्हा तिचे काय झाले असा प्रश्न सर्व बाजूंनी आला. शोध घेण्यात आला, नोव्हेंबरमध्ये अवशेष सापडले, आणि ते तिचेच असल्याचे जनुकीय तपासणीतून ठरविण्यात आले. नोंदवहीतल्या निव्वळ क्रमांकासाठी समाजाने इतका आग्रह धरला असता की नाही, याची मला शंका आहे.

नाव कोठे उणे पडते

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१६ नंतर जय कोणालाही दिसला नाही. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, नाव साऱ्या देशाला ठाऊक होते, तरी तो हरवला तो हरवलाच. त्याला पाहण्यासाठी येणाऱ्यांचा ओघही ओसरला. अभयारण्य तेच होते, झाडे, पाणवठे आणि चितळ तेच होते. परंतु लोक रानासाठी येत नव्हते, एका नावासाठी येत होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, जयचाच वंशज मानला गेलेला ‘श्रीनिवास’ हा वाघ नागभीडच्या परिसरात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने मेला. त्यालाही नाव होते. तारेतल्या विजेला नाव वाचता येत नाही.

यावर काही जण सुचवितात की, नावे बंद करा आणि क्रमांकच वापरा. शासकीय नोंदीत क्रमांकच वापरले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी याच उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. दोषी चालक व वाटाड्यांवर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. ती वाघीण कोणत्या नावाने प्रसिद्ध होती? ‘एफ-२’. म्हणजे गर्दी लोटली की क्रमांकाचेही नाव होते. दोष अक्षरांत नाही आणि आकड्यांतही नाही. एकाच प्राण्याभोवती सगळ्यांनी गोळा होण्याच्या हव्यासात तो आहे.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचे आणि अधिक वेदनादायक आहे. पांढरकवडा-राळेगाव भागातील ‘टी-१’ या वाघिणीशी तेरा माणसांचे मृत्यू जोडले गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. शहरांतून आणि वर्तमानपत्रांतून तिला ‘अवनी’ म्हटले गेले आणि तिच्यासाठी मोर्चे निघाले. तिला मारणे योग्य होते की अयोग्य, हा वाद मी येथे उकरून काढणार नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, अवनी हे नाव घराघरात पोचले, परंतु त्या तेरा जणांपैकी एकाचेही नाव सांगता येईल असे किती लोक असतील? वाघिणीबद्दल करुणा वाटणे गैर नाही. पण ज्यांच्या घरचा माणूस परत आला नाही, त्यांना आपल्यापेक्षा वाघीणच शहराला जवळची वाटते असे दिसले, की पुढच्या वाघाच्या रक्षणासाठी त्यांचा हात कसा पुढे येणार? प्राण्याला नाव देऊन माणसाला निनावी ठेवणारे संरक्षण टिकत नाही.

नाव नसताना चाललेला वाघ

याच सुमारास टिपेश्वरात आणखी एक वाघ वाढत होता. त्याची ओळख ‘टी-१ सी-१’. टी-१ क्रमांकाच्या वाघिणीचा पहिला बछडा, असा त्याचा अर्थ. ही टिपेश्वरची टी-१ वेगळी आणि मघाची टी-१ वेगळी. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावण्यात आली आणि जूनमध्ये तो स्वतःसाठी मुलूख शोधण्यास बाहेर पडला. तेलंगणातील आदिलाबादकडची राने, आपल्या सीमेवरचे पैनगंगेचे खोरे, पुढे हिंगोली, वाशीम, अकोला असे करीत तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याने सुमारे तीन हजार किलोमीटर चाल केली. एवढ्या प्रवासात त्याच्याकडून एकच माणूस जखमी झाला, आणि तोही त्याच्या मागोमाग झुडपात शिरला म्हणून. त्याची ही चाल जगाला कळल्यानंतर त्याला ‘वॉकर’ हे नाव रूढ झाले.

किनवट तालुक्यातील एका शाळेत मी या वाघाच्या मार्गाचा नकाशा फळ्यावर काढला होता. पैनगंगा आली तेव्हा मुले सावरून बसली. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, वाटेत त्याला कोणी मारले कसे नाही?”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. पुढे विचार करताना जाणवले की, त्याला कोणी मारले नाही याचे एक मोठे कारण म्हणजे तो चालला आहे हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. तो रात्री चाले आणि दिवसा ओढ्याच्या झुडपात पडून राही. कॉलरमुळे त्याचा ठावठिकाणा संशोधकांना व वनविभागाला कळत होता. गावोगाव त्याचा डंका पिटला जात नव्हता. त्याला नाव मिळाले ते तो मुक्कामी पोचल्यावर.

रामलिंगाचे तसे नाही. त्याला कॉलर नाही, आणि नाव मिळाले ते तो शेतांच्या मधोमध असताना. येडशीचे अभयारण्य सुमारे बावीस चौरस किलोमीटरचे. एका नर वाघाला ते अंगणाएवढे. तेव्हा तो भोवतालच्या गावांत फिरणार, गुरे मारल्याच्या तक्रारी येणार, हे ओघाने आलेच. २०२५ च्या प्रारंभी त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलविण्याचे प्रयत्न अनेक आठवडे चालले, पण तो हाती लागला नाही. अशा वेळी त्याचे नाव हे दुधारी शस्त्र ठरते. ‘वाघ आला’ या बातमीने जेथे काठ्या-कुऱ्हाडी निघाल्या असत्या, तेथे ‘आपला रामलिंग’ म्हटल्यावर हात थोडा थांबतो. पण त्याच नावाने भ्रमणध्वनीवर छायाचित्र फिरते, कोणत्या शिवारात पाऊलखुणा दिसल्या हे तासाभरात तालुक्याला कळते, आणि बांधावर शे-दोनशे माणसे जमतात. बिथरलेला वाघ आणि घाबरलेली गर्दी यांच्यात जे घडते, त्यात नावाचा उपयोग कोणालाच होत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांचे काम

हे येथे सांगण्याचे कारण असे की, राज्यातील वाघांची संख्या वाढली आहे. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघांचा अंदाज होता; २०२२ च्या गणनेत तो ४४४ वर गेला. टिपेश्वरचे क्षेत्र सुमारे दीडशे चौरस किलोमीटर आहे आणि ते वाढणारे नाही. वयात आलेले नर तेथून बाहेर पडणारच. पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची त्यांची वाट पैनगंगेच्या खोऱ्यातून, म्हणजे आपल्या दारावरून जाते. वाघ येथे राहावयास येईल असे नव्हे. तो वाटसरू म्हणून येईल. वाटसरूला आपण नाव-गाव विचारण्याआधी पाणी विचारतो. तोच धर्म येथे लागू आहे.

ग्रामपंचायतींनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शेताच्या कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात वाघाआधी शेजाऱ्याचे पोर मरते, ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावी. रानडुकरांचा आणि रोह्यांचा उपद्रव खरा आहे, हे मी नाकारीत नाही. त्यावर सौर कुंपणासारखे सुरक्षित उपाय आहेत आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. दुसरी, उघड्या विहिरींना कठडे बांधावेत. तिसरी, वाघ अथवा बिबट्या दिसल्यास समाजमाध्यमांवर जागा जाहीर न करता वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

अधिकारी बंधूंना माझी विनंती एकच आहे. गाय मेली तर पंचनामा आणि भरपाई यांत विलंब होऊ देऊ नका. ज्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीआधी पैसे मिळतात, तो वाघाला कोणत्याही नावाने हाक मारो, त्याच्यावर विषप्रयोग करणार नाही. ज्याला चकरा माराव्या लागतात, त्याच्यापुढे रामलिंग या नावाची पुण्याई फार काळ टिकणार नाही.

पर्यटनाविषयी दोन शब्द. येडशीसारख्या ठिकाणी अथवा उद्या माहूरच्या रानात वाघाच्या नावाने गाड्या धावू लागल्या, तर पैसा येईल. परंतु तो कोणाच्या हाती पडेल, हे आधी ठरले पाहिजे. आफ्रिकेतील रवांडा या लहान देशात २००५ पासून दरवर्षी गोरिलांच्या पिल्लांचे जाहीर बारसे होते. आपल्यासारखीच बाळाचे नाव समारंभाने ठेवण्याची त्या लोकांची जुनी रीत आहे. तीच त्यांनी गोरिलांना लावली. मात्र त्याच वर्षापासून उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातील शेकडा पाच हिस्सा भोवतालच्या गावांना देण्याचे धोरण त्यांनी अंगीकारले, आणि २०१७ मध्ये तो शेकडा दहा केला. त्या पैशातून शाळा आणि पाण्याच्या सोयी झाल्या. म्हणून तेथे नाव ठेवण्याच्या समारंभाला गाव येते. बारशाला आत्या नाव ठेवते, पण रात्री जागते ती आई. रानाच्या बाबतीत नाव ठेवणारे पाहुणे असतात आणि जागणारे असते गाव. त्या जागरणाचा मोबदला न देणारे पर्यटन म्हणजे नुसते बारशाचे पेढे वाटून निघून जाणे होय.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना नावे ठेवू द्यावीत, पण एकट्या वाघाची नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयास हवी. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात पडून आहे. मुलांनी आजी-आजोबांना विचारून गावच्या ओढ्यांची, टेकड्यांची, पाणवठ्यांची, आणि तेथे येणाऱ्या काळवीट, लांडगा, खोकड, सायाळ, माळढोक अशा आज दिसणाऱ्या वा पूर्वी दिसलेल्या जीवांची नावे तीत उतरवावीत. लातूरच्या माळावर वाघ नसेल, पण काळवीट आहे, आणि त्याला पाहण्यासाठी प्रवेशपत्र लागत नाही. ज्या ओढ्याला नाव असते तो सहसा बुजविला जात नाही. ज्याचे नाव विसरले गेले, तो पुढच्या मोजणीत बांधाखाली जातो. वाटसरू जनावराला हीच ओढ्याची झुडपे आसरा देतात.

येडशीच्या लोकांनी नकळत एक शहाणपण दाखविले आहे. त्यांनी आपल्या वाघाला नटाचे नाव दिले नाही. जागेचे नाव दिले. जय गेला तेव्हा त्याचे नाव त्याच्याबरोबर गेले. हा वाघ उद्या बालाघाटाच्या रांगेने कोठेही निघून गेला, तरी रामलिंगाचा डोंगर, तेथली झाडी आणि ते पाणी मागे राहील, आणि त्याच नावाने राहील. जपावयाचे ते तेवढेच आहे. ते असेल तर दुसरा वाघ येईल.

आज आपण ज्या शहरात बसलो आहोत, त्याच्या महानगरपालिकेच्या नावात ‘वाघाळा’ आहे. त्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ते कानी पडले की मला किनवटचा तो मुलगा आठवतो. त्याच्या प्रश्नाला मला आता उत्तर देता येईल. बाळ, पहिल्या खेपेस तो वाचला, कारण तो आला होता हे आम्हाला ठाऊक नव्हते. यापुढे आम्हाला ठाऊक असेल. तरीही तो वाचला, तर ते आपल्या गावांचे काम म्हणावे लागेल.